बेसबोर्डची कव्हर्स: फुटाला २८ डॉलर म्हणतात खरं, पण बिल तसं येत नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. घर १९६४ सालचं, अमेरिकेत न्यू जर्सीच्या मध्यभागातलं स्प्लिट लेव्हल (अर्ध्या-अर्ध्या मजल्यांचं), खाली गॅसचा बॉयलर आणि सगळ्या खोल्यांत मिळून ८६ फूट बेसबोर्ड, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी बसवलेले लांबट हीटर. कव्हर्स पिवळी पडलीत, ठिकठिकाणी चेपलीत, बाथरूममधलं तर गंजून पापुद्रे सुटतायत. ऑनलाइन "फुटाला २८ डॉलर" बघून तुम्ही २,४०० धरून चालला होतात आणि घरी बघायला आलेल्या कॉन्ट्रॅक्टरने ७,८०० सांगितले. घरात वर्षाचं रांगतं बाळ आहे. तर खरा खर्च किती आणि हा माणूस लुबाडतोय का?

लुबाडत नसावा. २,४०० हा नुसत्या पुढच्या पत्र्याचा भाव आहे, आणि ७,८०० ला ८६ ने भागलंत तर फुटाला ९० डॉलर होतात, म्हणजे त्याने बहुतेक आतली तांब्याची नळी आणि तिच्यावरच्या पातळ पात्या (फिन्स) यांच्यासकट सगळं उपटून नवीन बसवायचं धरलंय. त्या कामाला हा भाव आमच्याकडे वावगा नाही. प्रश्न एवढाच की तुम्हाला ते काम पाहिजे का, आणि माझं मत, नकोय, ३ फूट सोडले तर.

मी मूळचा इचलकरंजीचा, डिप्लोमा मेकॅनिकल, गेली एकवीस वर्षं इथे हीटिंग-प्लंबिंगच्या कामात आहे. जे आकडे देतोय ते गेल्या दोनेक वर्षांत मी स्वतः खरेदी केलेल्या मालाचे नि केलेल्या कामांचे, राउंड करून. तुमच्या दुकानात थोडं इकडेतिकडे होईल.

एक गोष्ट आधी, तुम्हाला लागू नाही पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला असेल. बेसबोर्ड दोन जातीचे असतात आणि बाहेरून सख्ख्या भावांसारखे दिसतात. एकात बॉयलरचं गरम पाणी फिरतं, दुसऱ्यात वीज. खाली बॉयलर असेल आणि कव्हरच्या टोकाशी तांब्याची नळी जमिनीत जाताना दिसली तर पाण्याचा. नळी नाही, टोकाला वायरचा डबा आहे, तर विजेचा, आणि तो बऱ्याचदा २४० व्होल्टवर असतो. विजेच्या हीटरवर बाजारातली वरून घालायची कव्हर्स घालू नका, तिथे पत्रा हा त्या यंत्राचाच भाग असतो आणि तो गंजला तर अख्खं युनिट बदलायचं. पडदे, सोफा, बाळाची गादी, सगळं त्याच्यापासून लांब. विजेवाल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, पुढचं सगळं पाण्याच्या बेसबोर्डचं.

आता तुम्ही ज्याला कव्हर म्हणताय ते एक नसून पाच-सहा तुकडे असतात. भिंतीला ठोकलेला मागचा पत्रा. त्यावर दर दोन-तीन फुटांवर ब्रॅकेट, ज्यावर फिन्सवाली नळी टेकलेली असते. पुढचा पत्रा, जो आपल्याला दिसतो. वर एक लांबडी झडप, जी खालीवर करून उष्णता कमीजास्त करायची (चाळीस वर्षांत कुणी केलेली नसते, रंगाने घट्ट चिकटलेली असते). दोन टोकांना एंड कॅप, कोपरा असेल तर कोपऱ्याचा तुकडा, आणि दोन पत्रे जोडतात तिथे जोडपट्टी. आणि सगळा खर्च ठरतो तो मागच्या पत्र्यावर. तो शाबूत असेल तर काम स्वस्तात होतं, सडला असेल तर नाही. कारण वरून घालायची नवी कव्हर्स त्याच मागच्या पत्र्याच्या वरच्या कडेला अडकवायची असतात, आणि तो बदलायचा म्हटलं तर बहुतेक वेळा समोरची नळी आडवी येते, मग पाणी काढा, नळी कापा, परत डाग द्या, हवा काढा, म्हणजे प्लंबर आला.

तर २८ डॉलरचं काय होतं ते बघा. तुमच्या यादीप्रमाणे लिव्हिंग रूम १८ आणि ६ फूट असा एल, डायनिंग १०, किचन ५, बेडरूम १०, १० आणि १२, बाथरूम ३, खालची फॅमिली रूम १२. आठ ठिकाणं, म्हणजे सोळा टोकं. ही सोळा टोकं कुणी मोजत नाही! चांगल्या स्टीलच्या स्लिप-ऑन, म्हणजे वरून घालायच्या, कव्हरची एंड कॅप एकेक ३० डॉलरला पडते, झाले ४८०. कोपरा ४५. अखंड पत्रा मी घेतो त्या मालात जास्तीत जास्त ६ फुटी मिळतो, त्यामुळे १८ फुटांच्या भिंतीला दोन जोड, दहा-बारा फुटांना एकेक, असे सात जोड, १२ प्रमाणे ८४. पत्र्याचे २,४०८. बेरीज ३,०१७, त्यावर जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे ३,२१७. फुटाला ३७ च्या वर गेलं, आणि अजून तुम्ही स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलेला नाही.

गंमत म्हणजे जेवढी भिंत छोटी तेवढा फूट महाग. तुमच्या बाथरूमचे ३ फूट घ्या: पत्रा ८४, दोन कॅप ६०, झाले १४४, म्हणजे फुटाला ४८. आणि लिव्हिंग रूमचा २४ फुटांचा एल कोपरा-जोड सगळं धरून ८०१, फुटाला ३३ च्या आसपास. म्हणून फुटावर भाव विचारूच नका, टोकं आणि कोपरे मोजून विचारा. माझ्याकडे येणारी निम्मी मंडळी फूट मोजून येतात आणि मग बिल बघून म्हणतात दादा हे कसं झालं.

मागचा पत्रा कसा तपासायचा ते सांगतो, एका शनिवारी सकाळी होईल. बॉयलर बंद, थर्मोस्टॅट खाली, सगळं थंड होऊ द्या. कव्हरची वरची कड आणि भिंत यांच्यामध्ये आजवरच्या रंगाऱ्यांनी रंग आणि कॉकिंग (फट बुजवायचा मसाला) भरलेलं असणार, ते आधी कटरने सरळ रेषेत कापा. हे न करता ओढलंत तर ड्रायवॉलचा (भिंतीच्या जिप्सम बोर्डाचा) कागद फुटभर सोलून येतो आणि मग पॅचिंग, सँडिंग, अख्खी भिंत रंगवणं. मी सुरुवातीला एका घरात हे करून बसलोय, ४० डॉलरचा पत्रा वाचवायला गेलो आणि ३०० डॉलरची भिंत रंगवून दिली, स्वतःच्या खिशातून. तर कापून घ्या, एंड कॅप काढा, पुढचा पत्रा खालून धरून वर उचला आणि पुढे ओढा. जुने बहुतेक असेच निघतात, नाही निघाला तर कुठेतरी रंगाने धरलंय, जोर करू नका.

आत टॉर्च मारा. फिन्समध्ये साठ वर्षांची वस्तू असते. मला सापडलेल्यांत खडू, नाणी, नाकातली चमकी, लेगोचे तुकडे, एका घरात डायनिंगच्या भिंतीला अर्धी वाटी साबुदाणा. आणि केस नि धूळ यांची जाड राखाडी गादी, फेल्टसारखी, जी हाताने उचलली की अखंड निघते. ती बघितल्यावर लोकांना कळतं खोली का तापत नव्हती. व्हॅक्यूमची चपटी नळी लावून साफ करा, वाकलेल्या फिन्स नाकाड्या पक्कडीने हळूच सरळ करा, जाड हातमोजे घालून, कारण त्या ॲल्युमिनियमच्या पात्या ब्लेडसारख्या कापतात. मग मागच्या पत्र्याच्या खालच्या कडेला बोटाने दाबून बघा. टणक लागला तर पास. बोटाखाली बिस्किटासारखा कुरकुरला तर नापास. नळीच्या जोडांवर हिरवी-पांढरी बुरशीसारखी चढण दिसली तर तिथे कधीतरी पाणी झिरपलंय, फोटो काढून ठेवा, प्लंबर आला की दाखवा.

हे सगळं करताना घर १९६४ चं आहे हे विसरायचं नाही. इथे घरगुती रंगातलं शिसं १९७८ ला बंद झालं, तुमचं घर त्याच्या चौदा वर्षं आधीचं. कंपनीतून आलेला मूळ रंग असेल-नसेल, पण त्यावर पुढच्या मालकांनी ब्रशने मारलेले दोन-तीन हात आहेत ना, आणि वरची कड जिथे भिंतीला चिकटलीय तिथे भिंतीचाही जुना रंग आहे. बाळ रांगतंय, हात जमिनीला आणि मग तोंडात, त्यामुळे कोरडा पॉलिश पेपर घासायचाच नाही, कुणी कितीही घाईत असलं तरी. आधी रंगाचा एक तुकडा लॅबला पाठवून तपासा, त्याचे पैसे या सगळ्या खर्चात किरकोळ आहेत. शिसं निघालं तर ओला करून घासायचा, खाली प्लॅस्टिक, बाळ आणि आजी त्या दिवशी दुसरीकडे, आणि साध्या व्हॅक्यूमऐवजी हेपा (अगदी बारीक धूळ धरणाऱ्या) फिल्टरचा.

आणि कॉन्ट्रॅक्टरला काम देणार असाल तर इपीएचा (इथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचा) नियम आहे, एप्रिल २०१० पासून लागू: १९७८ पूर्वीच्या घरात एका खोलीत ६ चौरस फुटांपेक्षा जास्त रंगवलेला भाग हलवायचा तर त्या माणसाकडे लेड-सेफ कामाचं सर्टिफिकेट पाहिजे. आता ८ इंच उंचीचं कव्हर धरलं तर ९ फुटांतच ६ चौरस फूट भरतात. म्हणजे तुमच्या बाथरूम आणि किचनखेरीज प्रत्येक खोली त्यात येते. स्वतःच्या घरात स्वतः करणाऱ्याला हा नियम नाही, पण शिशाला नियम कळत नाहीत. कॉन्ट्रॅक्टरच्या ७,८०० मध्ये हे धरलंय का विचारा. "अहो त्याची काही गरज नाही" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

कार्पेटखाली ९ इंची चौकोनी जुन्या टाइल्स किंवा भिंतीतून येणाऱ्या पाइपभोवती पांढरं, पुठ्ठ्यासारखं गुंडाळलेलं काही दिसलं तर हात लावू नका. ॲस्बेस्टॉस असू शकतं, तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता तुमच्या वहिनींनी सुचवलेली लाकडी कव्हर्स. दिसतात सुंदर, पिंटरेस्टवर तर फारच. सुताराकडून करून घेतली तर फुटाला ६० ते १०० डॉलर सहज जातात. पण माझी तक्रार पैशाची नाही. बेसबोर्ड तापतो कसा ते बघा: थंड हवा खालच्या फटीतून आत येते, फिन्समधून तापून वर चढते, वरच्या फटीतून खोलीत जाते. पंखा नाही, मोटर नाही, नुसती ही दोन फटींची चूल आहे. १८० अंश फॅरेनहाइट पाण्याला एक फूट बेसबोर्ड तासाला साधारण ५५० बीटीयू (उष्णतेचं एकक) देतो, तुमचे ८६ फूट मिळून ४७,००० च्या घरात, आणि ते सगळं या दोन फटींच्या भरवशावर. लाकडी पेटीवाले खालची फट जमिनीपर्यंत बंद करतात कारण तशी छान दिसते, आणि मग जानेवारीत मला फोन येतो की बॉयलर बिघडलाय. बॉयलरला काय धाड भरलीय!

हेच पाप कार्पेटवाले जास्त करतात. मूळ घराला लाकडी फ्लोअर असतो, मग कुणीतरी त्यावर पॅड आणि जाड कार्पेट टाकतं, इंचभर उंची वाढते, आणि कव्हरखालची फट गायब. तुमच्या मधल्या बेडरूममध्ये थंडी वाजते म्हणालात ना, तिथे नवं कव्हर मागवायच्या आधी खाली बोट घालून बघा. बोट जात नसेल तर कव्हरच्या खालचं कार्पेट मागे कापून घेणं एवढंच काम आहे. एका घरात मी हे केलं, पाऊण तास लागला, आणि त्या लोकांनी त्याआधी दोन वर्षं त्या खोलीत स्पेस हीटर चालवून विजेची बिलं भरली होती. कव्हरचा खर्च मोजताना हा खर्च कुणीच मोजत नाही.

रात्रीच्या टक-टक आवाजाचंही विचारलंय तुम्ही. तो कव्हरचा नाही, नळीचा. १८ फुटी तांब्याची नळी १०० अंश फॅरेनहाइटने तापली की साधारण ५ मिलिमीटर लांब होते, आणि ब्रॅकेटवर फिन्सच्या खाली जी प्लॅस्टिकची पट्टी असते ती तुटून पडलेली असली की धातूवर धातू घासत सरकते, टक, टक, टक. पट्ट्या काही डॉलरच्या येतात. कव्हर उघडलंयच तर तेव्हाच घाला, नाहीतर १,२०० डॉलरची नवी कव्हर्स लावून आवाज तोच.

बेडरूम्सना मी रंगच सांगेन. तिथे पाहुणे येत नाहीत, पत्रा नुसता पिवळा पडलाय, सडलेला नाही. काढा, डिग्रीझरने धुवा (किचनमधला तर दोनदा, फोडणीचा चिकट थर त्यावर असतोच), लॅबचा रिपोर्ट बघून वर सांगितलं तसं ओल्या पॉलिश पेपरने चकाकी घालवा, उघड्या धातूवर गंजरोधक प्रायमर, मग धातूच्या एनॅमलचे दोन पातळ हात. हाय-हीट रंगाच्या मागे लागू नका, तो चुलीसाठी आणि सायलेन्सरसाठी असतो. रस्ट-ओलियमचं साधं प्रोटेक्टिव्ह एनॅमल २०० अंश फॅरेनहाइट सहन करतं आणि कव्हर तेवढं कधी तापतच नाही. फिन्सवर रंग मारायचा नाही. आणि हे काम मे ते सप्टेंबरमध्येच करा. मी एकदा नोव्हेंबरमध्ये थंड गॅरेजात रंगवले होते, आठ दिवस चिकट राहिले, बसवल्यावर बॉयलर लागला आणि असा वास सुटला की त्या घरच्या आजी तीन रात्री मुलीकडे जाऊन राहिल्या. तुमच्या ३७ फुटांना, म्हणजे तीन बेडरूम आणि किचन, माल १२० डॉलर, दोन-तीन चेपलेल्या एंड कॅप बदलायला ३०. वेळ मात्र दोन वीकेंड जाणार, अठरा-वीस तास, नवरा-बायको दोघं असलात तर भांडणासकट.

फॅमिली रूमच्या १२ फुटांना तिसरा उपाय आहे जो दुकानदार आपणहून सांगत नाही. आतल्या बाजूला कंपनीचं नाव शोधा. स्लँट/फिनसारख्या जुन्या कंपन्यांचे नुसते पुढचे पत्रे आणि कॅप अजून सुटे मिळतात, फुटाला १२ च्या आसपास. जुळलं तर १४४ आणि कॅपचे २०, टॅक्स धरून १७५. अर्थात दुसऱ्याच कंपनीचा पत्रा घेऊन ठोकून-वाकवून बसवायला जाऊ नका, पाव इंचाचा फरक असतो आणि तो कायम खडखडतो.

बाथरूम. कमोडशेजारचा बेसबोर्ड का गंजतो ते मुलगे असलेल्या घरात सांगायला नको. त्यात आपल्याकडे ओले टॉवेल, मोजे, बाळाची दुपटी त्यावरच वाळत घालतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मागचा पत्राही गेलाय, त्यावर १४४ डॉलरचं कव्हर अडकवणं म्हणजे पडक्या भिंतीला नवं कॅलेंडर. तिथे ३ फुटांचं पूर्ण युनिट नवीन घ्या, लायसन्सवाला प्लंबर बोलवा, मालासकट ४५० ते ६०० घेईल. ३ फुटांना एवढे? हो, कारण त्याला ३ फूट असो की १०, पाणी काढणं, भरणं आणि हवा काढणं तेवढंच आहे. म्हणून इतर कुठे मागचा पत्रा नापास झाला असेल किंवा कुठला व्हॉल्व्ह गळत असेल तर त्याच दिवशी करून घ्या. दुसऱ्यांदा बोलावलंत तर तेच पैसे परत.

लिव्हिंग आणि डायनिंगला मात्र नवी स्टीलची स्लिप-ऑन घ्या, मन मारू नका, तिथेच सगळ्यांची नजर जाते. ३४ फुटांचे ९५२, चार कॅप १२०, कोपरा ४५, तीन जोड ३६, टॅक्ससकट १,२२९. बेडरूम-किचन १५०, फॅमिली रूम १७५, बाथरूम ५५० धरू. झाले २,१०४. भिंतीची डागडुजी, हातमोजे, हेपा फिल्टर यांना शंभरेक सोडा. २,२००.

हे तुम्ही स्वतः करणार असं धरून. स्लिप-ऑन बसवायलाही माणूस लावलात तर त्या दोन खोल्यांना ४०० ते ६०० मजुरी वाढेल. जर्सीत ५०० डॉलरच्या वरच्या घरकामाला लेखी करार लागतो आणि कॉन्ट्रॅक्टर राज्याकडे रजिस्टर्ड पाहिजे, नंबर मागून घ्या, देताना जो कचरतो तो नको. ७,८०० वाल्याला परत बोलवायचं असेल तर त्याच्याकडून तोडून लिहून घ्या: नळी बदलणार की नाही, भिंत कोण रंगवणार, जुनं कोण नेणार. माझा अंदाज, नळी वगळायला सांगितलीत तर आकडा अर्ध्यावर येईल.

ऑर्डर करण्याआधी अजून दोन मापं घ्या. मागच्या पत्र्याची जमिनीपासून वरच्या कडेपर्यंतची उंची, प्रत्येक खोलीत दोन ठिकाणी, कारण साठ वर्षांत जमीन एका बाजूला बसलेली असते. आणि भिंतीपासून फिन्सची पुढची कड किती बाहेर येते ते. लांबी मोजताना भिंत मोजू नका, एका एंड कॅपच्या आतल्या कडेपासून दुसरीच्या आतल्या कडेपर्यंत मोजा. ही मापं लिव्हिंग रूमची तरी कळवा, मग १८ फुटांना सहा-सहाचे तीन तुकडे घ्यायचे की दार उघडताना जोड मध्ये दिसू नये म्हणून पाच-सहा-सात करता येणारा माल शोधायचा ते सांगतो.